स्पीडटेस्ट नव्वद दाखवतो, मग फाइल का येत नाही?

मागच्या महिन्यात या सदरात संशोधन संस्थांच्या वेगळ्या नेटवर्कबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि मेल येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली पाच घेतेय. पहिल्या पत्राला जास्त जागा देतेय, कारण तोच प्रश्न थोड्याफार फरकाने आणखी बऱ्याच जणांनी विचारलाय.

ताई, मी हडपसरच्या एका कॉलेजात एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी सर्नच्या (जिनिव्हाची कणभौतिकी प्रयोगशाळा) ओपन डेटा पोर्टलवरून तिथल्या सीएमएस प्रयोगाचा डेटा हवाय, साधारण ४० जीबी. कॉलेजची १०० एमबीपीएसची लीज लाइन आहे, स्पीडटेस्ट मारली की नव्वदच्या आसपास दाखवते, पण हे डाउनलोड ३ एमबीपीएसच्या वर जातच नाही आणि मधेच तुटतं. माझी मैत्रीण पाषाणला एका संस्थेत आहे, तिच्याकडे तेच अर्ध्या तासात उतरलं. सर म्हणतात लाइन वाढवायला अर्ज करू. वाढवली तर होईल का? — एक विद्यार्थिनी, हडपसर

नाही होणार गं, आणि म्हणूनच अर्ज करायच्या आधी हे वाच, कारण लाइन १०० ची ५०० केली आणि तरी फाइल ३ नेच येत राहिली तर पुढच्या वेळी तुमच्या प्राचार्यांकडे काही मागायला तोंड राहणार नाही.

आता नीट बघ. तू जी स्पीडटेस्ट मारतेस ती जवळच्या सर्व्हरशी बोलते, पुण्यातल्या नाहीतर मुंबईतल्या. नेटवर डेटा तुकड्यातुकड्यांनी जातो, त्या एका तुकड्याला पाकीट म्हणतात. तिथे पाकीट जाऊन परत यायला लागतात साधारण ५ मिलिसेकंद. सर्न जिनिव्हाला. सरळ रेषेत धरलं तरी साडेसहा हजार किलोमीटरच्या वर, आणि फायबरमधून प्रकाश सेकंदाला २ लाख किलोमीटरच जातो, म्हणजे नुसती जाऊन येऊन फेरीच ६५ मिलिसेकंदांची झाली. प्रत्यक्षात केबल समुद्रातून वळसे घेत जाते, मधे राउटर असतात, तेव्हा १५० धरून चल.

आणि डाउनलोड करताना खाली जे टीसीपी, म्हणजे पाकिटं नीट पोचवायची पद्धत, काम करतं ना, त्याचा स्वभाव असा की रस्त्यात एक जरी पाकीट हरवलं तरी ते समजतं की रस्त्यात गर्दी आहे, आणि लगेच वेग निम्मा करतं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यायचं, तसं. मग हळूहळू, दर फेरीला थोडा थोडा असा वेग परत वाढवतं. फेरी ५ मिलिसेकंदांची असेल तर सावरायला काहीच वेळ लागत नाही, १५० ची असेल तर सावरायला तीसपट वेळ लागतो आणि तोवर दुसरं पाकीट हरवलेलं असतं.

याचं गणित १९९७ साली मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, आणि ते तुझ्यासारख्या फिजिक्सवालीला दोन मिनिटांत कळेल: वेग हा फेरीच्या वेळेच्या व्यस्त प्रमाणात आणि पाकिटं हरवण्याच्या प्रमाणाच्या वर्गमुळाच्याही व्यस्त प्रमाणात. यात लाइन केवढी आहे हे कुठे येतच नाही! हजारात एक पाकीट हरवतंय असं धर, एक पाकीट १४६० बाइटचं, फेरी १५० मिलिसेकंदांची, की उत्तर येतं सुमारे ३ एमबीपीएस. तुझाच आकडा. तोच लॉस, म्हणजे पाकिटं हरवण्याचं प्रमाण, ठेव आणि फेरी ५ मिलिसेकंदांची कर, की येतात ९०. हाही तुझाच आकडा. म्हणजे तुझी स्पीडटेस्ट खोटं बोलत नाहीये आणि तुझं डाउनलोडही, दोघांना एकच दुखणं आहे, फक्त जवळच्याला ते जाणवत नाही. (आजकाल सर्व्हरवर क्यूबिक किंवा बीबीआर अशा नवीन पद्धती असतात, त्यामुळे आकडे इकडेतिकडे होतात, बीबीआर तर किरकोळ लॉसला जुमानतही नाही, पण समोरच्या सर्व्हरवर काय बसवलंय ते आपल्या हातात नसतं.)

मग हजारात एक पाकीट जातं कुठे? मी २० वर्षं नेटवर्क सांभाळायचं काम केलं, त्यातला एक प्रसंग सांगते. शहराच्या पूर्वेकडच्याच एका कॉलेजात मला एका प्राध्यापकांनी बोलावलं होतं, तक्रार सेम टू सेम तुझ्यासारखी. कंपनीचा माणूस दोनदा येऊन स्पीडटेस्ट दाखवून गेला होता, "लाइन ओके आहे मॅडम". मी लॅबमधून कॉलेजच्या गेटवेला, म्हणजे नेट जिथून बाहेर पडतं त्या यंत्राला, पिंग लावला (पाकीट पाठवायचं आणि परत येतं का ते बघायचं), नेहमीचा छोटा, सगळं स्वच्छ, एकही पाकीट गेलं नाही. मग पाकिटाचा साइज १४०० बाइट केला आणि हजार हजारांच्या खेपा लावल्या, तर एका खेपेत दोन गेली, एका खेपेत एक, पुन्हा दोन. बिल्डिंगच्या आतच! अजून सर्न सोड, मगरपट्टासुद्धा लांब राहिला.

जिन्याखाली नेटवर्कच्या यंत्रांची रॅक होती, तिला दार नव्हतं, शेजारी वर्ग, त्यामुळे आत खडूच्या भुकटीचा पांढरा थर. वरच्या मजल्यावरून येणारी फायबर तिथे स्विचला, म्हणजे बिल्डिंगमधल्या केबल एकत्र जोडणाऱ्या यंत्राला, लावलेली, आणि कोणीतरी कधीतरी ती काढून परत लावताना तिच्या टोकाला धूळ बसली असणार, कारण बाजूला जी जास्तीची टोकं लोंबकळत होती त्यांच्यावर टोप्याच नव्हत्या. स्विचमध्ये शिरून बघितलं तर त्या पोर्टवर सीआरसी एररचा, म्हणजे खराब होऊन आलेल्या पाकिटांचा, आकडा लाखांत गेलेला, आणि आम्ही बघत असतानाच वाढत होता. फायबर साफ करायचं पेन असतं, ते टोकावर धरून दाबलं की टक असा आवाज येतो, दोन्ही बाजूंनी दोन दोन वेळा केलं, परत लावलं, काउंटर शून्य केला. अर्धा तास आम्ही दोघं तिथेच जिन्यावर बसून चहा प्यायलो आणि काउंटर शून्यच राहिला. त्या संध्याकाळी त्यांच्या विद्यार्थ्याचं डाउनलोड ७० च्या वर गेलं. खर्च काहीच नाही. पण त्याआधी त्या मुलाचं अख्खं सेमिस्टर गेलं होतं, आणि ते मला अजून टोचतं, कारण त्याला वाटत होतं की आपणच काहीतरी चुकीचं करतोय.

तेव्हा तू हे कर. मोठ्या साइजचा पिंग आधी कॉलेजच्या गेटवेला, मग लीज लाइनच्या पलीकडच्या पहिल्या टप्प्याला, प्रत्येकी काही हजार पाकिटं. जिथून लॉस सुरू होतो तिथे दुखणं. एक लक्षात ठेव, मधलेच काही राउटर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, तेव्हा एखाद्याच ठिकाणी लॉस दिसला आणि पुढे नाही दिसला तर तो खरा लॉस नाही. आकडे कागदावर लिहून सरांना दे, नुसतं "नेट स्लो आहे" म्हणू नको, आकडा दिला की पुढच्या माणसाला ऐकावंच लागतं. केबल आणि टोकं स्वच्छ निघाली तर फायरवॉल, म्हणजे येणारंजाणारं तपासणारं यंत्र, बघायला सांग, स्वस्तातल्या फायरवॉल मोठ्या फाइलच्या वेळी दमतात आणि पाकिटं टाकून देतात.

आणि तोवर प्रोजेक्ट अडायला नको म्हणून: एकाच वेळी आठ-दहा कनेक्शन उघडून फाइल तुकड्यांत आणणारा डाउनलोडर वापर, एकाचा वेग पडला तरी बाकीचे चालू राहतात, आणि तुटलं की तिथूनच पुढे सुरू होतं. संशोधन संस्थांमधलं ग्रिडएफटीपी हे फाइली पाठवायचं साधन वर्षानुवर्षं याच युक्तीवर चाललं. ते पण नाही जमलं तर हार्ड डिस्क घेऊन मैत्रिणीकडे जा. मी गंभीरपणे सांगतेय. १ टीबीची भरलेली डिस्क पीएमपीने पाषाणहून हडपसरला दीड तासात आली तर तो सेकंदाला सुमारे दीड गिगाबिट वेग झाला, तुमच्या लीज लाइनच्या पंधरापट.

आमच्या टॅक्सच्या पैशांतून शास्त्रज्ञांसाठी वेगळं इंटरनेट कशाला? घरी मला फायबर आहे, नातू त्यावर दिवसभर सिनेमे बघतो, कुठे अडत नाही. तेवढ्यात त्यांचंही भागायला हवं. — एक निवृत्त बँक कर्मचारी, सदाशिव पेठ

काका, प्रश्न रास्त आहे आणि पैसा थोडाथोडका नाही. राष्ट्रीय ज्ञान नेटवर्क, ज्याला सगळे एनकेएन म्हणतात, त्याला मार्च २०१० मध्ये मंजुरी मिळाली ती दहा वर्षांसाठी ५,९९० कोटींची.

पण नातवाचा सिनेमा आणि संशोधनाचा डेटा यांत मोठा फरक आहे. सिनेमा कंपनीने आधीच पुण्या-मुंबईतल्या सर्व्हरवर आणून ठेवलेला असतो, लाखो लोक तोच बघणार म्हणून तिला ते परवडतं. दुर्बिणीचा डेटा जगात दहा जणांना हवा असतो, तो कोण जवळ आणून ठेवणार? तो मूळ जागेवरूनच आणावा लागतो, आणि एकदम प्रचंड. १ टीबीचं गणित करून बघा: १०० एमबीपीएसने २२ तास, १० जीबीपीएसने १३-१४ मिनिटं, आणि वरच्या मुलीच्या ३ एमबीपीएसने एक महिना.

पुण्यातलंच उदाहरण देते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, १४ मधोमध आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या, आणि सगळ्यांचे सिग्नल फायबरवरून एका जागी येतात तेव्हाच त्यांची मिळून एक दुर्बीण होते. तिचा डेटा वापरणारे लोक जगभर. आता दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात स्क्वेअर किलोमीटर अरे ही दुर्बीण होतेय, भारत तिच्यात भागीदार आहे, तिच्यातून वर्षाला सुमारे ७०० पेटाबाइट डेटा निघेल असा अंदाज आहे. एक पेटाबाइट म्हणजे हजार टीबी, तेव्हा ७०० पेटाबाइट म्हणजे वर्षभर, दिवसरात्र, एक सेकंद न थांबता १७५ जीबीपीएसच्या वर. गुरुत्वीय लहरींचंही तसंच, त्या टिपणारे लायगोचे डिटेक्टर अमेरिकेत आणि त्यांच्या डेटावर काम होतं आपल्या गणेशखिंडीतल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत.

आणि काका, आपल्याकडे आधी नेट आलं ते शास्त्रज्ञांकडेच. अर्नेट हे शिक्षण आणि संशोधन संस्थांचं नेटवर्क १९८६ मध्ये सुरू झालं, आयआयटी, बंगलोरची आयआयएस्सी, मुंबईची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था यांच्यात, आणि तुम्हाआम्हाला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीचं कनेक्शन मिळायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडला. वेबसुद्धा सर्नमध्ये टिम बर्नर्स-लींनी १९८९ साली सुचवलं ते तिथल्या प्रयोगांची कागदपत्रं सगळ्यांना सापडावीत म्हणून. आज तुम्ही बँकेचं पासबुक मोबाइलवर बघता ते त्याच झाडाचं फळ आहे.

तुमच्या प्रश्नातला जो भाग मला खरंच पटतो तो असा की पैसा सगळ्यांचा आणि वेग मात्र काही जणांनाच, हे बरोबर नाही. त्याचं उत्तर हे नेटवर्क बंद करण्यात नाही, ते हडपसरपर्यंत आणि जुन्नरपर्यंत नेण्यात आहे.

जीएमआरटीच्या अँटेना आमच्या गच्चीवरून दिसतात. दर २८ फेब्रुवारीला मुलांना घेऊन खोडदला विज्ञान दिनाला जातो, मुलं भारावून परत येतात. पण कॉलेजात आलं की २५ कॉम्प्युटरना मिळून एक साधं ब्रॉडबँड, तेही जेसीबीने केबल तोडली की चार-चार दिवस बंद. दुर्बीण शेजारी आणि डेटा परदेशातल्यांना, असं का? — एक प्राध्यापक, जुन्नर तालुका

सर, तुमचं पत्र दोन वेळा वाचलं. आडात भरपूर आहे, पोहऱ्याचा दोरच तोकडा पडतोय.

डेटा परदेशातल्यांनाच असं मात्र नाही. जीएमआरटीचा डेटा ज्याने निरीक्षण केलं त्याच्याकडे ठराविक काळ राहतो आणि मग ऑनलाइन संग्रहातून सगळ्यांना खुला होतो, तुमच्या विद्यार्थ्यांनाही. अडचण एवढीच की कच्च्या डेटाची एक फाइलसुद्धा कित्येक जीबीची असते. म्हणून तुमच्यासारख्या ठिकाणी मी उलटा रस्ता सुचवेन: डेटा तुमच्याकडे आणू नका, तुमचं काम डेटाकडे न्या. रॅड ॲट होम म्हणून एक भारतीय उपक्रम आहे, त्यात जीएमआरटीच्या सर्वेक्षणातून तयार झालेल्या प्रतिमा विद्यार्थी बघतात आणि विचित्र आकाराच्या दीर्घिका शोधतात. एक प्रतिमा म्हणजे फार मोठी फाइल नव्हे, ती मोबाइलच्या नेटवरही उतरते. सर्नकडेही ब्राउझरमध्येच प्रोग्रॅम चालवायची सोय आहे, डेटा तिकडेच राहतो आणि आपल्याकडे येतो फक्त आलेख.

शोधनिबंधांचं एक मोठं काम मात्र झालंय आणि ते तुमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगा. वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल, आणि केंद्र व राज्य सरकारच्या ६,३०० संस्थांना ती जानेवारी २०२५ पासून उघडी झाली. सांभाळतं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं केंद्र. तुमचं कॉलेज यादीत आहे का ते ग्रंथपालांना आजच बघायला सांगा. यादीत नसेल तर विद्यापीठाच्या लायब्ररीत जाऊन एका दिवसात वर्षभराचे निबंध पेनड्राइव्हवर आणणारे प्राध्यापक मी बघितलेत, आणि त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार.

आणि जेसीबीचं म्हणाल तर दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन वेगळ्या रस्त्याने घ्या, वेगळ्या कंपनीचं पण त्याच खड्ड्यातून आलेलं नको, दोन्ही एकदम तुटतात.

मी पुण्यात पीएचडी करतो. युगांडातल्या एका गटाबरोबर आमचं काम चालतं, त्यांना माझा डेटा उतरवायला दिवस लागतात. गाइड म्हणतात आता सगळीकडे केबल पोचल्या, डिजिटल डिव्हाइड वगैरे जुनी गोष्ट झाली. खरंय का? — एक संशोधक, बाणेर

केबल पोचल्या हे खरं, जुनी गोष्ट झाली हे नाही.

अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेत लेस कॉट्रेल यांनी १९९५ पासून पिंगर नावाचा प्रकल्प चालवला. कल्पना इतकी साधी की हेवा वाटावा: दर अर्ध्या तासाने जगभरातल्या संस्थांना छोटी आणि मोठी पिंग पाकिटं पाठवायची, किती हरवली आणि किती वेळात परत आली ते लिहून ठेवायचं, आणि वर्षानुवर्षं ते सोडायचं नाही. त्यात पुढे १६० हून जास्त देश आले. त्या नोंदींवरून मॅथिसच्या त्याच गणिताने वेग काढला तेव्हा दिसलं की आफ्रिका आणि आपला दक्षिण आशिया युरोपच्या कित्येक वर्षं मागे चाललेत. कॅल्टेकचे हार्वी न्यूमन वगैरे कण-भौतिकीवाल्या लोकांनी हे आकडे घेऊन वर्षानुवर्षं सरकारांचे दरवाजे ठोठावले, कारण सर्नच्या प्रयोगात नाव सगळ्या देशांचं आणि डेटा मात्र चार देशांनाच उघडता येतोय ही गोष्ट त्यांना खुपत होती.

पूर्व आफ्रिकेत २००९ पर्यंत मोठी समुद्री केबलच नव्हती. सगळं उपग्रहावरून, आणि तो ३६,००० किलोमीटर वर, म्हणजे एका फेरीला अर्धा सेकंद निव्वळ प्रवासातच. एका आफ्रिकी विद्यापीठाचा मेल शेजारच्या देशातल्या विद्यापीठाला जायचा तोसुद्धा युरोप-अमेरिकेला वळसा घालून. २००९ मध्ये सीकॉम ही समुद्री केबल आली, २०१० मध्ये ईसी ही दुसरी आली, आणि फेरीचा वेळ एकदम खाली आला. मग त्या देशांनी उबुंटुनेट अलायन्स या संघटनेतून आणि युरोपच्या मदतीने आफ्रिकाकनेक्ट या प्रकल्पातून आपापली संशोधन नेटवर्कं जोडायला घेतली, तसंच लॅटिन अमेरिकेत रेडक्लारा हे नेटवर्क. आपली जोडणी झाली टाइन या आशियाई संशोधन नेटवर्कमधून आणि एनकेएनमधून.

पण युगांडाला समुद्र नाही. केबल केनियाच्या किनाऱ्यावर येते, तिथून पुढे जमिनीवरून दुसऱ्या देशातून यायचं, दर तिथले, तुटफूट तिथली. मग कॅम्पस, मग बिल्डिंग, मग जिन्याखालची रॅक. आणि केबलही काही अमर नाही, जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लाल समुद्रात तुटल्या होत्या, तेव्हा आपल्याकडेही धग लागलीच होती.

तुम्ही तुमच्या बाजूने काय कराल? पूर्ण डेटा पाठवू नका. त्यांना कोणते कॉलम, कोणते दिवस लागणार आहेत ते आधी विचारा, तेवढंच कापून दाबून पाठवा, प्रत्येक तुकड्याला चेकसम, म्हणजे तो नीट पोचला का ते पडताळायचा आकडा, द्या म्हणजे एक खराब झाला तर सगळं परत नको. जमल्यास तुमच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या मोठ्या कॉम्प्युटरवर, त्यांना लॉगिन द्या, टर्मिनलला ५० केबीपीएससुद्धा पुरतं. अब्दुस सलाम यांनी १९६४ साली इटलीतल्या त्रिएस्तला स्थापन केलेल्या आयसीटीपी या भौतिकशास्त्राच्या संस्थेने गरीब देशांतल्या शास्त्रज्ञांना शोधनिबंध चक्क ईमेलने पाठवायची सेवा चालवली, वेबपेज उघडत नसलं तरी मेल पोचतो म्हणून. समोरच्याचा रस्ता कसा आहे ते बघून सामान बांधायचं, एवढंच त्यात होतं. आणि पेपर लिहाल तेव्हा त्यांचा डेटा उशिरा आला म्हणून त्यांचं नाव मागे टाकू नका.

मुलगा जर्मनीत शिकायला गेलाय, त्याचं लॉगिन तिथल्या कुठल्याही विद्यापीठात आपोआप चालतं, दुसऱ्या देशात गेला तरी. आपल्याकडे अशी सोय का नाही? — एक पालक, सिंहगड रोड

आहे की! त्याला एड्युरोम म्हणतात, २००३ च्या सुमारास युरोपात सुरू झालं, आणि भारतात ते अर्नेट चालवतं. ज्या संस्था त्यात आहेत तिथे तुमच्या मुलाचा फोन आपोआप जोडला जाईल, सुट्टीत आला की पुण्यातल्या एखाद्या मोठ्या संशोधन संस्थेच्या आवारात वायफायच्या यादीत नाव दिसतंय का ते त्याला बघायला सांगा. कॉलेजांना यात यायला फार मोठं काही लागत नाही, लॉगिन तपासणारा एक छोटा सर्व्हर आणि तो सांभाळणारा एक माणूस. बहुतेक ठिकाणी सर्व्हर मिळतो, माणसाची जागा भरलेली नसते. तुमच्या ओळखीत कुठल्या कॉलेजच्या समितीवर कोणी असेल तर त्यांना ही जागा भरायला सांगा, मी त्या माणसाला पहिले दोन शनिवार येऊन शिकवायला तयार आहे, मासिकाच्या पत्त्यावर कळवा.